तीन वेळा, एक माप

मुंगीकाका मुळात भित्रा माणूस. दवाखान्याचं कुलूप तीनतीनदा ओढून बघायचे आणि घरी पोचल्यावर आपण ते नक्की ओढलं का, या काळजीने त्यांना घास गिळवायचा नाही. असा माणूस एकतीस वर्षं कंपाउंडर म्हणून लोकांना सुया टोचत होता, ही गंमतच म्हणायची! टोचताना पेशंटचं मनगट घट्ट धरून ते सांगत, "काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं वाटेल." म्हणून पोरांनी त्यांना मुंगीकाका करून टाकलं होतं.

डॉक्टरांच्या बायकोला ते वहिनी म्हणत. बाहेरच्या खोलीत, बाकांच्या वर, खिडकीशी वहिनींचा निवडुंग टांगलेला होता. करंगळीएवढ्या जाड, हातभर लांब, बारीक काट्यांच्या वीस-पंचवीस शेपट्या कुंडीतून खाली लोंबत. वहिनी पंधरा दिवसांनी कुंडी खालून तळहातावर उचलून बघत. हलकी लागली तर पाणी, नाहीतर नाही.

मग वहिनींच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनसाठी त्यांनी दुसऱ्या शहरात लेकीकडे जायचं ठरलं. निघताना त्या हसत म्हणाल्या, "भाऊ, याला जपा हं. हा टिकला तर मीही टिकेन."

चेष्टेत म्हणाल्या हो! पण मुंगीकाकांच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडी उचलून बघितली, तर हलकी वाटली. परवा जड वाटली, तेरवा पुन्हा हलकी. वजन कळणार कसं, हातच कापत होता! शेवटी त्यांनी आपल्याला जे येत होतं ते केलं. औषधाचं माप घेतलं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक माप पाणी सुरू केलं. डोस चुकला की दुखणं उलटतं, हे त्यांनी जन्मभर लोकांना बजावलं होतं. एकही डोस चुकवला नाही बाबाने!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर दुपारीच लेकीकडे निघून गेले. काकांनी सहज निवडुंगाच्या बुडाला बोट लावलं, तर ते पिकलेल्या केळ्यात जावं तसं आत गेलं. काकांना दरदरून घाम फुटला. पट्टी बदलायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "काका, तुम्हालाच बरं वाटत नाहीये का?"

पट्टी! बाई गेल्यावर काकांनी दार लावून घेतलं. बुडाला कापूस लावला, दोन काड्यांचा आधार दिला, पट्टी गुंडाळून वर चिकटपट्टी मारली आणि सगळं मातीने झाकून टाकलं. वर शेपट्या अजून हिरव्यागार होत्या. खालचं कुणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी फोन आला. ऑपरेशन झालं, पण शुद्ध आलेली नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला. फोन वाजला की काका आधी कुंडीकडे बघत आणि मगच रिसीव्हर उचलत. मीच मारतोय वहिनींना, तीन वेळा एक माप, हेच डोक्यात घुमत राही. पाणी बंद केलं, पण भीती काही बंद होईना. ताप उतरल्यावर डॉक्टर परत आले, पण काळजीने ते इतके खचले होते, की डोक्यावर पंखा कोसळला असता तरी त्यांना कळलं नसतं.

महिन्याभराने वहिनी आल्या. निम्म्या झाल्या होत्या. आल्या त्या थेट कुंडीशी गेल्या आणि एक शेपटी हळूच उचलली. तिच्याबरोबर माती सरकली आणि पट्टीचं टोक बाहेर आलं.

"हे काय, भाऊ?"

काकांचा बांध फुटला. "मी मारला त्याला, वहिनी! पाणी पाजून पाजून मारला. तुम्ही तसं म्हणाला होतात, आणि मी... रोज वाटायचं, आज तुमचा फोन येईल. तसला फोन."

वहिनी कुंडी उतरवून घेऊन बाकावर टेकल्या. बराच वेळ त्या पट्टी सोडवत राहिल्या. आतलं सगळं काळं पडलं होतं.

"बुडाशी सडलंय. वर जीव आहे अजून," त्या म्हणाल्या. "माझंही तिकडे हेच केलं. नको ते कापून टाकलं. बाकीचं टिकतंय का, ते बघत राहायचं म्हणाले. कात्री आणा. शेपट्या कापून आठ दिवस कोरड्या ठेवायच्या, मग मातीत लावायच्या. आणि पाणी नाही, भाऊ. एक थेंबही नाही."

काकांनी कात्री दिली. वहिनींनी ती पहिल्या शेपटीला लावली, आणि ती तिथेच थांबली. पाती थरथरत होती. जन्मभर घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती ओळखायला वेळ लागत नाही. काका पुढे झाले आणि त्यांनी वहिनींचं मनगट घट्ट धरलं.

"काही नाही होत, वहिनी. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

"खोटं बोलताय."

"हो," काका म्हणाले. मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा एकदा म्हणा."