सुपारी न देता छापलेलं नाव

पत्रक छापून आलं तेव्हा समितीतल्या सगळ्यांनी ते हातात घेऊन कागदाचं कौतुक केलं. मी तिसरी ओळ वाचली आणि पत्रक उलटं करून टेबलावर ठेवलं.

पहिल्या दोन ओळींत पोलंडहून येणाऱ्या तीन वादकांची नावं होती. क्लॅरिनेट वाजवणारी एक बाई, अकॉर्डियनवाले एक गृहस्थ आणि माणसाएवढ्या उंचीचं बास हे तंतुवाद्य वाजवणारा एक तरुण. तिसऱ्या ओळीत ‘सोबत खानदेशी लग्नबँडचे ज्येष्ठ क्लॅरिनेटवादक’ असं लिहून पुढे माझ्या मोठ्या भावाचं नाव होतं. नावापुढे फक्त ‘मास्तर’. आडनाव मी दिलं नव्हतं. बँडवाल्याला मास्तरच म्हणतात, त्यामुळे कुणाला ते खटकलं नाही.

तो माझा भाऊ आहे हे समितीत कुणालाही माहीत नव्हतं. त्यानं यायचं कबूल केलेलं नाही, हेही माहीत नव्हतं. कार्यक्रमाला अकरा दिवस उरले होते.

मी जळगावात एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करतो. संध्याकाळी एका कलासंकुलाच्या संगीत समितीचं काम बघतो. हॉलच्या तारखा, पत्रव्यवहार, पाहुण्यांची राहण्याची सोय, असलं. नाटक आणि शास्त्रीय गाणं यापलीकडे आम्ही कधी गेलो नव्हतो. या वर्षी पहिल्यांदा ठरलं की बाहेरच्या देशातल्या आणि इथल्या वादकांनी एकत्र बसून आजचं, नवं काहीतरी वाजवायचं. शनिवारी जळगावला आमच्या हॉलमध्ये आणि रविवारी धुळ्याला तिथल्या नाट्यगृहात.

पहिली बोलणी मोबाइलवर, एकमेकांचे चेहरे बघत झाली. आमच्या अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि मी बाजूला बसून टिपणं घेत होतो. क्लॅरिनेटवाल्या बाई म्हणाल्या, माझे आजोबा गावातल्या लग्नांत वाजवायचे, मी त्यांच्याकडेच शिकले. तुमच्याकडे लग्नात क्लॅरिनेट वाजवणारं कुणी आहे का? हे त्या हसत हसत, कौतुकानं सांगत होत्या. मी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या घरचे लग्नात वाजवतात, एवढंसं वाक्य मला जळगावात तीस वर्षांत एकदाही बोलता आलेलं नव्हतं.

“आहेत एक,” मी म्हणालो. “धुळ्याला असतात. माझ्या ओळखीचे आहेत.”

धुळ्यात आमच्या वडिलांचा बँड होता, तो आता भाऊ चालवतो. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. सातवीत शाळा सोडून त्यानं क्लॅरिनेट हातात घेतलं, म्हणून मी बी.कॉम. झालो. दहावीपर्यंत मीही सुट्टीत साइड ड्रम वाजवला आहे.

बँडची तारीख धरायची एक रीत आहे. लग्नघरचा माणूस स्वतः येतो, बसतो, चहा घेतो. मग बुकिंगच्या वहीवर नारळ आणि सुपारी ठेवतो, आणि त्यानंतरच वहीत तारीख लिहिली जाते. फोनवर किंवा निरोपावर तारीख धरत नाहीत. एकदा सुपारी घेतली की नंतर कितीही मोठं गिऱ्हाईक येवो, घरात आजारपण येवो, बँड त्या दारात उभा राहतो. वडील असताना ती वही मी लिहायचो, माझं अक्षर बरं होतं म्हणून. तेव्हा रीत माहीत नव्हती असं म्हणायची मला सोय नाही.

मी भावाला फोन करून कार्यक्रम सांगितला, तारीख सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो घरच्या अहिराणीतच बोलतो, ‘आहे’ला ‘शे’ म्हणतो.

“तू ये,” तो म्हणाला. “ऊना म्हणजे बोलूत.”

“भाऊ, इकडे कामं खूप आहेत. फोनवरच सांग ना.”

“कामे तं मालेबी शेत. तू ये.”

मी गेलो नाही. जळगावहून धुळं अडीच-तीन तासांवर आहे आणि रविवारी मी घरीच असतो. पण जायचं म्हणजे वडिलांच्याच घरात नारळ-सुपारी घेऊन गिऱ्हाइकासारखं बसायचं, आणि तेही मान खाली घालून. हा रविवार नको, पुढचा, असं करत राहिलो. समितीच्या बैठकीत मॅडमनी विचारलं, “मास्तरांचा होकार आला का?” मी “आला” म्हणालो. तारीख ठरवतानाही हॉल मोकळा आहे एवढंच बघितलं होतं. त्या शनिवारी माघातली दाट तिथी, म्हणजे गावोगाव लग्नं आहेत, हे बँडवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पंचांग उघडून बघावंसं वाटलं नाही.

मान खाली का घालायची, तेही सांगायला हवं.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. त्या काळी कुणी आडनाव विचारलं की मी गाव सांगायचो. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, जळगावातच. नवरदेवाची मिरवणूक मंडपाशी आली तेव्हा आधी क्लॅरिनेट ऐकू आलं आणि मी ते लगेच ओळखलं. आमचाच बँड. भाऊ सगळ्यांत पुढे होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पाठ घामानं भिजलेली. वाजवता वाजवता त्यानं मला पाहिलं आणि भुवया उंचावल्या, लहानपणी मला हसवायला उंचावायचा तशा. शेजारचे सहकारी म्हणाले, “काय वाजवतोय हो. तुमच्याकडंच बघतोय. ओळखीचा आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “उगाच बघत असेल.”

मग मी मंडपाच्या मागे गेलो आणि टाळी लागेपर्यंत, म्हणजे मंगलाष्टकं संपून लग्न लागेपर्यंत, आचाऱ्यांशी काहीबाही बोलत उभा राहिलो. तो आमच्यापासून चार हातांवर होता. त्यानं ते ऐकलं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. त्यानंतर मी धुळ्याला सणावारी जातो, जेवतो आणि लवकर निघतो.

पत्रक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला.

“तुमना तो कागद कोनीतरी मोबाइलवर धाडेल शे,” ती म्हणाली. “यास्नं नाव शे त्याम्हा.”

“हो वहिनी.”

“त्या दिनले अमळनेरनं लगीन शे. यास्नी सुपारी लिधी, पंधरा दिन व्हई ग्यात.” मग म्हणाली, “दोन आयतवार यास्नी तुमनी वाट दखी.”

मी कार्यालयात गेलो पण दिवसभर एकही काम धड झालं नाही. एका विद्यार्थ्याचा दाखला दुसऱ्याच्या हातात दिला. बाहेर चौकात, रसवंतीच्या भिंतीवर, रिक्षा स्टँडच्या खांबावर आमचं पत्रक लागलं होतं. दुपारी पोलंडच्या बाईंचा ईमेल आला. मास्तरांचं वाजवणं आधी ऐकायला मिळेल का, त्यांना कुठल्या चाली आवडतात, लग्नात पहिली धून कोणती असते. मी ते पत्र तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं. संध्याकाळी मी जळगावातल्या दुसऱ्या एका बँडच्या मालकाचा नंबर मिळवला, हेही सांगून टाकतो. त्याच्याकडचा क्लॅरिनेटवाला आणायचा आणि मास्तर म्हणून बसवायचा. लाल कोटातला माणूस कोण नीट बघतो, असा माझा हिशेब होता. नंबर लावला आणि पलीकडून “बोला” ऐकू आल्यावर फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मॅडमच्या घरी गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: होकार नव्हता, मी गेलो नाही, ते माझे भाऊ आहेत.

“सख्खे?”

“सख्खे.”

“आणि मी त्यांची माहिती आणायला सांगितली, तर तुम्ही म्हणालात, मास्तर फार बोलत नाहीत.”

“ते खरं आहे,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. जुडी बाजूला ठेवून त्यांनी हात पुसले. “उद्या सकाळच्या बसनं निघू. सुपारी साधीच चालते ना, की वेगळी असते?”

बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा घेतली. माझ्या मांडीवर पिशवी होती आणि गतिरोधक आला की आतला नारळ गुडघ्यावर आपटायचा. भावानं मॅडमच्या देखत मला घराबाहेर काढलं तर काय, हे मी मनात पुन्हा पुन्हा घडवून बघत होतो. पारोळा सोडल्यावर मॅडम म्हणाल्या, “ते नाहीच म्हणाले तर तुम्ही रडारड करू नका. त्यांची अडचण होईल.”

भाऊ पुढच्या खोलीत बसला होता. समोर वाटीत पाणी, त्यात क्लॅरिनेटची पत्ती भिजत टाकलेली.

“या, बसा,” तो मॅडमना म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “साहेबले सुट्टी भेटनी वाटतं.”

“आधी पानी तं पिऊ द्या त्यास्ले,” वहिनी आतून म्हणाली.

मी पाणी न पिताच पिशवीतून नारळ काढायला लागलो.

“थांब,” भाऊ म्हणाला. “कोणत्या दिनना शे तो?”

“शनिवारचा. जळगावचा.”

“ती तारीख गई.”

“भाऊ, चूक माझी आहे. अमळनेरवाल्यांना दुसरा एखादा बँड बघून दिला तर...”

“वही तू लिखे ना?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “आबानी एक तरी सुपारी परत करेल तुले याद शे का?”

आबा म्हणजे आमचे वडील. मला एकही आठवेना, कारण तशी नव्हतीच.

मॅडम म्हणाल्या, “मास्तर, तुम्हाला न विचारता आम्ही तुमचं नाव छापलं. चूक आमच्या समितीची आहे.”

“तुमनी कसानी चूक? तुम्ही पहिल्यांदा उनात आनि नारय लई उनात. हाऊ इतला वरीसपाईन येस, रिकामा हाते येस आनि जेवन करीसन पयस.”

वहिनी हसली, मॅडमही हसल्या. भाऊ पत्ती पाण्यातून काढून उजेडाकडे धरून बघत बसला. मला हसता आलं नाही.

“रविवारी धुळ्याचा कार्यक्रम आहे,” मॅडम म्हणाल्या. “ती तारीख कशी आहे?”

त्यानं वही काढली. लग्नसराईतली एकेक तारीख त्याला पाठ असते, तरी त्यानं पानं सावकाश उलटली.

“रिकामी शे.”

मॅडमनी माझ्याकडची पिशवी घेतली. “नही,” भाऊ म्हणाला, “त्याले ठेवू द्या.”

मी वहीवर नारळ ठेवला. सुपारी हातातून निसटून पलंगाखाली गेली. वहिनीनं वाकून ती काढली, पदरानं पुसली आणि परत माझ्या हातात दिली. मी ठेवली. भावानं स्वतः तारीख लिहिली, मोठ्या, वाकड्या अक्षरात.

“भाऊ,” मी म्हणालो, “मागे एकदा जळगावच्या लग्नात, मी...”

“त्या पोलंडवाली बाईना क्लॅरिनेट कोणत्या सूरना शे?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही.”

“इचारी ले. मन्हा बी फ्लॅट शे. सूर नही जमना तं आम्ही दोन्ही जन एकमेकनं तोंड दखत बसूत.”

मी मान हलवली. वाक्य तसंच राहिलं. त्याला ते माहीत आहे म्हणून त्यानं अडवलं, की खरंच सुराची काळजी होती, हे मला सांगता येणार नाही.

धुळ्याची संध्याकाळ ठरली. बाईंचंही क्लॅरिनेट बी फ्लॅटच निघालं, ते मी भावाला फोनवर कळवलं, तो “बरं” म्हणाला. पण जळगावला आमच्या हॉलमध्ये, जिथे त्याचं नाव छापून लावलंय, तिथे त्याची खुर्ची नसेल. चोपड्याहून, एरंडोलहून लोक विचारतात, मास्तर येणार ना? त्यांच्या लग्नांत त्यानं वाजवलेलं आहे. मी “कार्यक्रमाला या, कळेल” म्हणतो आणि फोन ठेवल्यावर हात शर्टाला पुसतो.

मॅडमनी निवेदन मलाच करायला सांगितलं आहे. मी कागदावर लिहून नेलं: ‘काही अपरिहार्य कारणामुळे मास्तर आज उपस्थित राहू शकत नाहीत, त्याबद्दल दिलगीर आहोत.’ त्यांनी पेन्सिलनं ‘अपरिहार्य’ खोडलं.

“एकदा धुळ्याला जाणं अपरिहार्य होतं, ते तुम्ही टाळलंत,” त्या म्हणाल्या. “आणि नातं कुठं आहे यात?”

“मॅडम, हॉलमध्ये कॉलेजमधले सगळे असणार. मागे एका लग्नात भाऊ वाजवत होता आणि ज्यांना मी ‘ओळखीचा नाही’ म्हणालो, तेही येणार आहेत.”

“मग पुढच्या रांगेत बसवू त्यांना.”

आता नव्यानं लिहिलं आहे. चारच वाक्यं आहेत. मास्तर माझे सख्खे मोठे भाऊ आहेत. आमचं घर बँडचं आहे. त्यांना बोलवायला मी गेलो नाही, म्हणून ते आज दुसऱ्या दारात वाजवत आहेत. उद्या ते धुळ्याला वाजवतील. सकाळपासून मी हे मोठ्यानं वाचून बघतोय. पहिल्या वाक्यालाच आवाज खाली जातो. बायको स्वयंपाकघरातून म्हणते, “ऐकू येत नाही. पुन्हा वाचा.” कार्यक्रम परवा आहे.