आडवी फांदी

आई जंगलात वाट चुकली, असं आमच्या घरात, भावकीत, आता तर बसस्टँडवरही सांगितलं जातं. हसत सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. आई वाट चुकलेली नाही. काय झालं ते मी एकदा सरळ लिहून काढते, म्हणजे हसणाऱ्यांना कळेल आपण कशाला हसतोय.

आम्ही कवठे महांकाळकडचे, मेंढरं राखणारे. मी लहान असेपर्यंत दिवाळी सरली की आमचं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि साताऱ्याच्या डोंगरांतून घाट उतरून कोकणात जायचं. वडील मेंढरं घेऊन उजाडायच्या आत पुढं निघत. आई तळ आवरून, भांडी, कोंबड्या, कोकरं आणि आम्हा दोघा भावंडांना घोड्यावर बांधून मागून यायची. वाट फुटली की पुढच्या माणसानं एक करायचं. ज्या वाटेनं जायचं नाही, तिच्यावर ओली फांदी मोडून आडवी टाकायची. फांदी पडली की ती वाट मिटली. तिच्यावरून कुणी पाय टाकत नसे. जंगल अनोळखी असो, धुकं असो, आई फांदी बघायची आणि घोड्याचं तोंड दुसरीकडं वळवायची. वडिलांनी टाकलेली फांदी कधी खोटी निघाली नाही.

वडील गेले, मेंढरं गेली. भाऊ फौजेत लागला. मी कराडला शिकायला गेले आणि तिथं चळवळीत पडले. सभा, मोर्चे आणि पत्रकं. पत्रक लिहायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडंच यायचं.

कोयनेच्या खोऱ्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठानं, अलीकडं एक पायवाट तयार झाली आहे. बसायला बाकडी, चढाला पायऱ्या, लहान मुलांनाही झेपेल असा रस्ता. चालवणारी समिती आहे, तिचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका समितीचा नाही. सुरुवातीला तिथल्या सगळ्या पाट्या इंग्रजीत होत्या. आम्ही पत्रकं वाटली, फाटकासमोर बसलो, आणि पाट्या मराठीत करून घेतल्या. मोठी, ठसठशीत अक्षरं. "सहकुटुंब चालण्यासाठी सोपी वाट." ती पाटी लागली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते.

गेल्या हिवाळ्यात भाऊ सुटीवर आला. म्हणाला, "ये पत्रकवाले, चल, तुझ्या पाट्या तरी बघू. आयेला पण घेऊ. लय दिवस डोंगर बघितला न्हाई तिनं."

आम्ही पाचजण निघालो. भाऊ, वहिनी, त्यांची चिमुरडी, आई आणि मी. वहिनी तासगावकडची, द्राक्षबागांतली. जंगलात पाऊल टाकायची तिची ही पहिलीच वेळ. गाडीत बसल्यापासून ती पोरीच्या टोपीची आणि पाण्याच्या बाटलीची काळजी करत होती.

आईनं विचारलं, "ह्ये सहकुटुंब चालायचं म्हंजी काय गं?"

"घरच्यांनी मिळून डोंगरात फिरायचं."

"मग आमी काय करत हुतो?"

भाऊ म्हणाला, "तू ड्यूटी करत हुतीस, आये. ही पिकनिक हाय."

आई खूप हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसणं.

फाटकाच्या भिंतीवर एक चित्र रंगवलं आहे. खांद्यावर घोंगडं, डोक्याला मुंडासं, हातात काठी, मागं मेंढरं. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. पुण्याकडच्या एका बाईनं आईचाही हात धरून तिला भिंतीजवळ उभं केलं. "आजी, तुम्ही अगदी मॅच होता!" आईनं मुकाट फोटो काढू दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमची माणसं भिंतीवर चालतात, त्यांचे कळप मात्र याच डोंगरातून हाकलले जातात. मी तोंड उघडणार तेवढ्यात भावानं दंड धरला. "आज सुटी हाय. तुझी पण."

वाट खरंच छान होती. ते नाकारायचं कशाला? जांभळीची गार सावली, खाली झाडांतून दिसणारं पाणी, वाळलेल्या पानांचा आवाज. आई सगळ्यात मागं चालत होती. "पुढं चल की," म्हटलं तर म्हणाली, "मी मागंच बरी. मागं एक माणूस लागतंच." पोर तिच्याजवळ राहिली, कारण आजी थांबत होती, हिरडे वेचू देत होती, गव्याचं शेण दाखवत होती.

पुढं मी आणि भाऊ भांडत होतो. म्हणजे नेहमीचंच. तो म्हणत होता, पर्यटनानं चार पोरांना काम मिळतं. मी म्हणत होते, ज्यांच्या वाटा होत्या त्यांना काय मिळतं? भांडत भांडत आम्ही एक फाटा ओलांडला. तिथं पाटी होती, "नदीकाठ", आणि बाण. आम्ही बाणाच्या बाजूनं गेलो. एक माणूस कोयता घेऊन वाटेवर आलेल्या फांद्या छाटत होता. त्यानं आम्हाला वाट दिली, "या ताई" म्हणाला. आम्ही खाली नदीकाठच्या बाकड्यांपाशी पोचलो, वहिनीनं डबे काढले आणि आम्ही आईची वाट बघत बसलो.

आई आली नाही.

वहिनी तीनदा उठून वर बघून आली. भाऊ म्हणाला, "येतील. आये हाय संगं." मग मागून येणारी, फाटकावर फोटो काढणारी पुण्याची मंडळी पोचली. त्यांना विचारलं. वाटेत कुणी म्हातारी नाही, कुणी लहान मुलगी नाही. डबे तसेच टाकून आम्ही वर पळालो.

फाट्यावर पोचलो आणि मी आणि भाऊ एकदमच थांबलो.

ज्या वाटेनं आम्ही गेलो होतो, पाटीची, बाणाची वाट, तिच्या तोंडाशीच जांभळीची ओली फांदी आडवी पडली होती. नुकती तोडलेली, पानं टवटवीत. आम्ही गेल्यावर कोयतेवाल्यानं छाटलेली; तो आता कुठं दिसत नव्हता. पुण्याची माणसं तिच्यावरून निवांत पाय टाकून आली होती. आणि उजव्या हाताला, झुडपांत, एक जुनी, पाटी नसलेली वाट खाली उतरत होती.

"काय झालं? आवं, बोला की कुणीतरी!" वहिनी ओरडली.

मीच सांगितलं. "आईला वाटलं, आपण फांदी टाकली."

"म्हंजी?"

"म्हणजे आपण त्या खालच्या वाटेनं गेलो, असं तिला वाटलं."

बाण तिनं बघितला असेल, पण रंगवलेला बाण कुणासाठीही असतो. ओली फांदी मागून येणाऱ्या आपल्या माणसासाठी असते. तिला वाचता येत नाही. मी ज्या मराठी अक्षरांसाठी फाटकासमोर बसले होते, ती तिला इंग्रजीइतकीच परकी. हे मला त्या क्षणाआधी माहीत नव्हतं असं नाही. पण पत्रक लिहिताना ते कधी माझ्या मनात आलं नाही, आणि आमच्या बैठकीत बसलेल्या कुणाच्याच आलं नाही.

आम्ही त्या वाटेला लागलो. वाट खाली, आणखी खाली जात राहिली. काटेरी करवंदी, घसरडी माती, आणि मग झाडांमधून समोर पाणी. तेव्हा भावाचा चेहरा बदलला. धरण व्हायच्या आधी तिथं गाव होतं आणि ही गावाची वाट होती. आता ती सरळ पाण्यात जाते. वहिनी पोरीचं नाव घेऊन टाहो फोडत होती. भावानं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ मारली. वडील कळपाला मारायचे तशी, लांब, शेवटाला वर जाणारी.

उत्तर आलं नाही.

आई आम्हाला पाण्याच्या अगदी काठाशी दिसली. वाट जिथं पाण्यात शिरते, बरोबर तिथं बसलेली. पोर तिच्या मांडीवर. पदराचं टोक तिनं पोरीच्या कमरेला बांधलं होतं, घोड्यावर आम्हाला बांधायची तशी पक्की गाठ. पोर हिरड्यांशी खेळत होती. आई पाण्याकडं बघत होती, आणि आम्ही अगदी जवळ गेलो तरी वळली नाही.

वहिनीनं पोर ओढून घेतली. गाठ सुटेना, तिघी एकमेकींत गुंतल्या. भाऊ गुडघ्यावर बसला. "आये. आये, आमी हितं हाय."

तिनं आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या. आमचे कपडे चाचपले. कोरडे आहेत का, ते ती बघत होती.

"फांदी सांगत हुती, ह्या वाटंनं गेलाय म्हनून," ती म्हणाली. "आनी वाट तर पान्यात जाती."



"शीळ आयकली न्हाईस का?" भावानं विचारलं.

"आयकली की. तुझ्या बापाची वाटली. म्हटलं, झालं, बोलवायला आला."

त्या काठावर ती किती वेळ बसली होती मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की तेवढा वेळ तिच्या हिशेबात तिचा मुलगा, सून आणि लेक पाण्याखाली होते, आणि मांडीवरच्या पोरीला घाबरवायचं नाही म्हणून ती रडलीसुद्धा नव्हती.

आरडाओरडा ऐकून कोयतेवाला खाली आला. धापा टाकत होता. "मावशी, आवं, वर एवढी मोठी पाटी हाय की! वाचली न्हाई व्हय?"

मग मात्र मी सुटले. कुटुंब म्हणजे कुणाचं कुटुंब, वाचणाऱ्यांचंच का, भिंतीवर आमचं चित्र काढता, वाट फुटते तिथं आमची खूण काय याची कुणी चौकशी केली का, बंद वाट पाण्यात जाते तर तिथं साधं कुंपण का नाही. त्यानं कोयता खाली ठेवला. शेवटी म्हणाला, "ताई, मी आपला रोज फांद्या तोडतो. मग गोळा करून टाकतो. आजपातूर कुणी चुकलं न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचाच जास्त राग आला.

आईनं मला गप्प केलं. "त्याला नगं बोलू." मग त्याच्याकडं वळून तिनं विचारलं, "फांदी तू ठिवलीस व्हय रं?"

"ठिवली न्हाई मावशी. तोडली, ती पडली."

"म्हंजी कुनीच ठिवली न्हाई?"

"न्हाई."

आई त्याच्याकडं बघत राहिली. तिला राग आला नव्हता. मला त्या बघण्याचा अर्थ तिथं लागला नाही.

आता तिथं कुंपण झालं आहे. आम्ही पुन्हा पत्रक काढलं, त्यावर झालं. पण त्या पत्रकात मला एक मागणी लिहायची होती, की तोडलेली फांदी वाटेवर आडवी टाकू नये. बैठकीत एकजण म्हणाला, "अगं, ही काय मागणी झाली?" बाकीचे हसले. मी ते वाक्य खोडलं नाही, भांडून ठेवलं. वाचणाऱ्यांना ते कळलं असेल असं वाटत नाही.

परवा मी घरी गेले होते. आदल्या दिवशी वारं सुटलं होतं, आणि आमच्या रानाकडं जाणाऱ्या पांदीत बाभळीची एक फांदी मोडून आडवी पडली होती. ही पांद आई रोज चालते. तरी ती फांदीपाशी थांबली.

"ही कुनी ठिवलीया, का पडलीया?"

"पडलीया, आई. वाऱ्यानं."

"नक्की?"

"नक्की."

मी फांदी उचलून बांधावर फेकली. तरी मी पुढं होईपर्यंत ती जागची हलली नाही.