पेन्सिलीच्या फुल्या

विद्यापीठात तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘नाही’ म्हणणं. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर झेरॉक्सच्या खोलीशेजारी माझी खोली आहे. दारावर हुद्द्याची पाटी आहे, ती इतकी लांब की दोन ओळींत मोडावी लागली. तिचा अर्थ एवढाच, की कुणाचं लिखाण कुणाच्या मालकीचं आहे आणि ते कुणी, कधी, कुठे छापायचं, हे पाहणारी ग्रंथपाल.

दिवसातून एक तरी प्राध्यापक रागावून येतो. त्याचाच लेख त्याला वर्गात वाटायचा असतो.

“अहो, मी लिहिलाय तो!”

“हो सर. पण मागच्या वर्षी तुम्ही तो प्रकाशकाला देऊन टाकलात.”

“मी? कधी?”

मग मी कराराची प्रत काढते. त्यावर त्यांची सही असते, आणि सहीच्या डावीकडे, नीट पाहिलं तर, पुसलेल्या फुलीचा डाग असतो. ती फुली माझी. ही आमच्या कचेरीची पद्धत आहे. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायची, सही झाली की खोडरबराने पुसायची. बावीस वर्षांत मी अशा किती फुल्या मारल्या असतील कोण जाणे. फुलीवर पेन टेकवण्याआधी वरचा मजकूर वाचणारे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातले दोघे वकील होते.

ग्रंथालयात पेन्सिलीची खूण ही पुसण्यासाठीच असते, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. मुलं परीक्षेच्या आधी पुस्तकांत रेघा मारतात, आम्ही मे महिन्यात बसून त्या पुसतो. मी रुजू झाले तेव्हा तसा लेखी नियमच केला होता. कोणताही दस्तऐवज स्कॅनिंगला जाण्यापूर्वी त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा काढून टाकाव्यात. अक्षर माझंच आहे. तो कागद अजून स्कॅनिंगच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला आहे.

गुरुजी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन पिशव्या होत्या. बोर्ली पंचतनच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात त्यांनी प्राथमिक शाळेत उभी नोकरी केली होती. गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापासून फक्त एका मातीच्या बांधाने वाचलेली. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे समुद्र. मोठ्या भरतीला, म्हणजे उधाणाला, बांध कुठेतरी फुटतो आणि खारं पाणी शेतात शिरतं. त्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. एकदा खारं पाणी बसलं की ती जमीन तीन-चार वर्षं भात देत नाही. म्हणून खांड पडली की घरटी एक माणूस टोपली घेऊन धावतो.

गुरुजींनी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक खांडीची नोंद ठेवली होती. शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पानांवर तिथी, वारा, कोण कोण आलं, काय भरून ती बुजवली, कोण कुणाला काय बोललं, सगळं. मधूनमधून बांधाचे हाताने काढलेले नकाशे. मी ते उभ्याउभ्या चाळले आणि बसून वाचत राहिले. आमच्या भांडारातल्या निम्म्या प्रबंधांपेक्षा त्यात जास्त जीव होता, आणि संदर्भसूची अजिबात नव्हती.

मी ते कुलगुरूंना दाखवले, हा माझा उत्साह. पुढचं सगळं फार वेगाने झालं. एका परदेशी प्रकाशन संस्थेशी करार ठरला. कुलसचिव सहीच्या आधी पालीला बल्लाळेश्वराला जाऊन आले, कराराचा मसुदा मात्र त्यांनी वाचला नाही. समारंभ झाला, शाल झाली, नारळ झाला. कुलगुरू पाऊण तास ‘जागतिक पातळी’वर बोलले आणि गावाचं नाव दोनदा चुकले. गुरुजी शाल घेऊन उकाड्यात घामाघूम बसले होते.

नंतर ते माझ्या खोलीत सह्या करायला आले. मी फुल्या मारून ठेवल्याच होत्या.

“कुठं करू सही, बाई?”

“फुली आहे तिथे, गुरुजी.”

“म्हंजे तुमच्याकडं पण फुलीला मान हाय तर,” ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. ते कशाबद्दल बोलले, ते मी विचारलं नाही.

त्यांनी मजकूर वाचला की नाही, ते आठवत नाही, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होते. ते खरं नाही. आठवतं. त्यांनी वाचला नाही, आणि मी वाचून दाखवला नाही. त्यात एक कलम होतं: प्रकाशनापूर्वी या सामग्रीचा कोणताही भाग कोणत्याही व्यक्तीस दाखवता येणार नाही. मूळ हजेरीपटही तोवर विद्यापीठाच्या कुलपात. ‘कोणत्याही व्यक्तीस’ यात लिहिणारा माणूसही येतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. आदल्या पावसाळ्यात बांधाला दोन मोठ्या खांडी पडल्या होत्या. आता ग्रामपंचायतीने पोकलेन मिळवला होता, मे महिन्यातल्या अमावास्येच्या आदल्या दोन दिवसांपुरता.

“नकाशाची पानं तेवढी हवी होती, बाई. झेरॉक्स चालेल.”

मी अर्ज करायला सांगितलं. अर्ज आला. नेहमीप्रमाणे मी तो कुलगुरूंच्या कार्यालयाकडे पाठवला, त्यांनी प्रकाशकांकडे. प्रकाशकांचं दोन ओळींचं फार सभ्य उत्तर आलं, की प्रकाशनानंतर या विनंतीचा विचार करू. या सगळ्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी हे उत्तर त्यांना वाचून दाखवलं. कलम वाचून दाखवायला हवं होतं तेव्हा नाही, आता.

तिसऱ्यांदा ते स्वतःच आले. दिघीच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडून, दोन एसट्या बदलून. गुडघा दुखत होता, पाणीही न घेता बसले.

“मला वाचायचं न्हाय काही,” ते म्हणाले. “फक्त फुल्या कुठं हायेत ते बघून सांगा.”

“कसल्या फुल्या?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. जुनी खांड घाईत बुजवताना पेंढा, झाडाच्या फांद्या, मिळेल ते भरतात आणि वर चिखल लावतात. बांध वरून अखंड दिसतो. आतला पेंढा मात्र काही वर्षांनी कुजतो आणि तिथे पोकळी राहते. अशा प्रत्येक जागेवर त्यांनी नकाशात फुली मारली होती. पोकलेनने नेमकं तिथेच उकरून दगडमाती भरायची होती. दोन दिवसांत अख्खा बांध उकरता येत नाही, आणि भलतीकडे उकरला तर चांगली जागा सैल होते.

“आठवत नाहीत का तुम्हाला?”

“थोड्या आठवतात. सोळा हायेत, का सतरा. आठवत राहील असं वाटलं असतं तर लिहिलं कशाला असतं?”

त्यांना बाहेर व्हरांड्यात बसायला सांगून मी करार काढला. तासभर वाचल्यावर मला रस्ता दिसला, आणि कबूल करते, मला स्वतःचं कौतुक वाटलं. कॉपीराइट शब्दांना असतो, रेघांना असतो. बांध कुठे पोकळ आहे ही गोष्ट कुणाच्याच मालकीची नसते. पान दाखवता येणार नाही, पण पान पाहून मी जागा तोंडी सांगू शकते, कोऱ्या कागदावर माझ्या हाताने काढून देऊ शकते. जगातला कुठलाही प्रकाशक मला अडवू शकत नव्हता. मी किल्ली घेतली, कपाट उघडलं, हजेरीपट टेबलावर ठेवले. आणि एवढं झाल्यावर मग म्हटलं, या, तुम्हीही बघा, कलम गेलं खड्ड्यात.

नकाशे होते. बांधाची शाईची रेघ होती, खाडी होती, देऊळ होतं, उंबराचं झाड होतं. फुली एकही नव्हती.

“दुसरा पट असेल,” मी म्हटलं.

गुरुजींनी दुसरा उघडला. तिसरा उघडला. पानावरून बोट फिरवत ते बांधाच्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. पान शिवणीपाशी मिटत होतं म्हणून मी ते अंगठ्याने दाबलं, तेव्हा शिवणीत काहीतरी पांढरं दिसलं. खोडरबराचा चुरा.

“पेन्सिलीने मारल्या होत्यात?”

“शाई टिकत न्हाय आमच्याकडं. खारट हवेत फुटते. शिसं टिकतं. म्हणून जे टिकायला हवं ते पेन्सिलीनं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कोणी पुसलं?”

“आम्ही.”

“का?”

“नियम आहे.”

त्यांनी शिवणीतला चुरा बोटाने टिपला. “शाळेत मी पोरांना सांगायचो, चुकलं असेल तरच खोडा,” एवढंच म्हणाले.

मग त्यांनीच पट खिडकीशी नेला आणि उन्हात तिरका धरला. कागदावर दाबून लिहिलेल्याचा वळ राहतो. तरुणपणी गुरुजींचा हात भक्कम होता, त्या फुल्यांचे वळ दिसले. नऊ मिळाल्या. उतारवयात हात हलका झाला होता, त्या फुल्या कागदावर नुसत्या टेकल्या होत्या. आमच्या साहाय्यकाने त्या इतक्या निगुतीने पुसल्या होत्या, की त्याला मी त्या वर्षी चांगला शेरा दिला होता.

अमावास्येच्या दोन दिवस आधी रजा टाकून मी गुरुजींच्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी ओहोटीला बांधावर पंधरा-वीस माणसं होती, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. नऊ जागी पोकलेन चालला. प्रत्येक ठिकाणी वरची माती काढली की खालून काळा, कुजका पेंढा निघत होता आणि त्याचा वास वाऱ्यावर पसरत होता. एका जागी तर माणूस बसेल एवढी पोकळी होती आणि तिच्यात खेकडे.

“गुरुजी, मशीन उभी हाय. आता कुठं खणू?” ड्रायव्हरने विचारलं.

गुरुजी काठी आपटत चालले. थांबायचे, ऐकायचे, पुढे जायचे. मी त्या नऊ फुल्या उतरवलेला नकाशा घेऊन मागे.

“हितं असंल,” ते म्हणाले. उकरलं, भरीव निघालं. आता ती चांगली जागा सैल झाली होती.

“गुरुजी, आठवून सांगा की,” एक म्हातारा ओरडला. “का विद्यापीठाला विचारायचं हाय?”

सगळे हसले. गुरुजीही हसले. मी नकाशात पाहत राहिले.

दोन दिवसांत आणखी तीन जागा सापडल्या. बारा झाल्या. तिसऱ्या दिवशी अमावास्या. पोकलेन गेला होता. साडेबाराच्या भरतीला आम्ही बांधावर उभे होतो. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली थांबलं, खूप वेळ तिथेच थांबलं, आणि मग उतरू लागलं. आतल्या अंगाला एका ठिकाणी माती ओली दिसत होती. गुरुजींनी तिथे काठी टेकवली आणि मला म्हणाले, “मारा फुली. गडद मारा.”

पावसाळ्यातली उधाणं याहून मोठी असतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

प्रकाशन समारंभाची पत्रिका जूनमध्ये आली. तिच्यावर गुरुजींच्या नकाशाचं छायाचित्र आहे, स्वच्छ, एक डाग नाही. कुलगुरूंनी बैठकीत माझं नाव घेऊन ग्रंथालयाच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं. भिंतीवरचा नियम मी काढायला गेले होते, पण त्यावर कुलसचिवांचा शिक्का आहे, त्यामुळे तो बदलण्याचा प्रस्ताव सध्या समितीपुढे आहे.

माझ्या टेबलावर आता भरतीच्या वेळांचा तक्ता असतो. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती उलटली की पाऊण तासात गुरुजींचा फोन येतो. नमस्कार वगैरे काही नसतं. “बाई, हाय अजून,” म्हणतात आणि ठेवतात.

आज अमावास्या. बाहेर सकाळपासून नैर्ऋत्येचा वारा आहे, खिडकी बंद होत नाही. भरती साडेबाराची होती. समोर एका प्राध्यापकांचा करार आहे, फुल्या मारून तयार. ते पेन उघडून उभे आहेत आणि विचारतायत, सही कुठे करू. मी त्यांना म्हटलं, बसा, आधी वाचा. ते घड्याळाकडे पाहतात. मीही पाहते. दोन वाजत आले आहेत.