झाडाच्या पोटातलं ऐकणारा

रस्त्याकडेच्या झाडाला हातोडीने ठोकायचं आणि खोडाला कान लावायचा, हे त्याचं वनखात्यातलं काम. भरीव खोड ठण्ण बोलतं, आतून कुजलेलं भद्द वाजतं. तीस वर्षं कुठलं झाड ठेवायचं, कुठलं पाडायचं, ते त्यानेच सांगितलं. पोरं त्याला ठोकेमामा म्हणत. त्याने ऐकलेल्या झाडाला पुन्हा दुसऱ्या कुणी कान लावला नाही, एवढा त्याचा मान.

पण म्हातारपण आधी कानातच येऊन बसलं. बायकोला ते पहिल्यांदा कळलं.

"अहो, कडी वाजवून वाजवून शेजारी परत गेले. आणि तुम्ही निघालात झाडाच्या पोटातलं ऐकायला!"

"हळू बोल, कुणी ऐकेल."

"हळू बोलले तर तुम्हाला कळणार आहे का?"

दोघंही हसली. गोष्ट हसण्यावारी गेली. ज्या कानाने मान दिला तोच गेला, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. तो ठोकत राहिला, नुसती साल आणि पालवी बघून 'निरोगी' लिहीत राहिला. अशी दोन वर्षं गेली.

मग एका दुपारी वळणावरचं मोठं झाड साध्या वाऱ्याने कोसळलं. त्याच्या सावलीत सायकली दुरुस्त करणारा बसायचा. तो जागीच गेला. ट्यूब हातात तशीच होती.

शाळेच्या सभागृहात जाहीर चौकशी ठरली. आदल्या दिवशी साहेब नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले, "वादळ होतं म्हणून सांगा, मामा. निवृत्ती तोंडावर आलीय. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता?"

तो रात्रभर जागा होता. सकाळी सभेत उभा राहिला.

"वादळ नव्हतं. झाड आतून पोकळ होतं, आणि ते मला ऐकू आलं नाही. दोन वर्षं मला ऐकूच येत नाही. त्या दिवसांत मी निरोगी लिहिलेल्या झाडांची ही यादी. सगळी पुन्हा तपासा."

यादीवर त्याने हातोडी ठेवली. साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

पुढच्या रांगेतून सायकलवाल्याची बायको उठली. तिचे ओठ हलले तेवढे त्याला दिसले. त्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. घरात झाकून ठेवलेलं तिने आज चारचौघांत केलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"ती विचारतेय, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मान जाईल म्हणून, बाई," तो म्हणाला.

त्यावर ती काहीतरी बोलली. या वेळी त्याच्या बायकोने ते त्याला सांगितलं नाही.