खदानीवरची येळवस

नांदेड स्टेशनबाहेर आले तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत काजू आणि फणसपोळी. चिपळूणचं माणूस रिकाम्या हाताने कुणाकडे जात नाही. खरं तर शैलाने फोनवर बजावलं होतं, "येळवशीला ये, आणि फक्त पोट रिकामं घेऊन ये." शैला माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. लग्न होऊन लातूर जिल्ह्यात गेली ती तिथलीच झाली. गेली कित्येक वर्षं बोलावत होती, आणि मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होते. या वेळी तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, म्हणून निघाले.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी इकडे घराला कुलूप लावून सगळं गाव रानात जेवायला जातं. आमच्याकडे असं काही नाही, याचं मला एकदम वाईट वाटायला लागलं.

एसटी कंधारमार्गे निघाली. गाडीत हळद, चिंच आणि ओल्या हरभऱ्याचा वास. उभ्या असलेल्या माणसांच्या पायांत हिरव्या भाजीच्या जुड्या. कंडक्टरने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"पाव्हण्या दिसतायसा. येळवशीला का?"

"हो. तिकडे खायला काय काय असतं?"

"ते इचारू नगा," शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "परत जाताना बसमंदी मावायचं न्हाईत तुम्ही." आणि माझ्या हातात एक पेरू ठेवला. कंधारच्या किल्ल्याची काळी तटबंदी खिडकीतून सरकली, ती मी पेरू खाता खाता अर्धीच पाहिली. पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभरा, मध्ये काळी माती. कोकणातल्या डोळ्यांना एवढं आकाश सोसत नाही, मी दोनदा रुमालाने डोळे पुसले.

शैलाच्या गावाच्या, बोरतळीच्या फाट्यावर ती स्कूटी घेऊन उभी होती. तिने मला आधी घरी नेलं नाही, विहिरीवर नेलं. तिथे तिच्या सासूबाई, सोनाबाई, काठावर बसल्या होत्या. ठेंगण्या, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आवाज गावच्या वेशीपर्यंत जाणारा.

"बगा," त्या म्हणाल्या आणि बादली वर ओढली.

पाण्यावर राखाडी साय होती. बोट बुडवलं तर बोटाला चिकटली.

वरच्या अंगाला एक जुनी खदान आहे. रस्त्यासाठी मुरूम काढला आणि खड्डा तसाच सोडला. दूरच्या कुठल्यातरी कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळलेल्या कोळशाची राख एक ठेकेदार टिपरने आणून त्यात ओतायला लागला. पावसाळ्यात ती झिरपत विहिरीत आली. गावाला प्यायच्या पाण्याची ही एकच विहीर. बायकांनी तहसीलला खेटे घातले, वाटेवर पाळीपाळीने बसल्या, शेवटी राख टाकायला बंदीचा कागद निघाला. पण गावात लग्न असलं किंवा बाजार असला की टिपर येऊन जायचाच.

"आन् उद्या तर समदं गाव रिकामं," सोनाबाई म्हणाल्या. "त्येला ठावं हाय. चहाच्या टपरीवर बोलून गेलाय त्येचा मानूस. अजून चार खेपा पडल्या की हीर गेली. मंग जारचं पाणी पीत बसायचं जलमभर."

"मग उद्या रानात जाणार नाही?"

त्यांनी बादली दाणकन काठावर ठेवली. "येळवस सोडायची? येळवस खदानीवर हाय आवंदा. समद्यांची मिळून येकच कोप." कोप म्हणजे कडब्याची खोप. टिपरसमोर कडब्याची खोप! मी शैलाकडे पाहिलं. तिने खांदे उडवले, पण हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाजतगाजत निघालो. सोनाबाईंच्या डोक्यावर आंबिलीची बिंदगी (छोटं मडकं), बाकीच्यांच्या डोक्यावर टोपल्या. खदानीच्या तोंडाशी, टिपरच्या चाकोरीतच, कोप उभी होती. आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांच्यापुढे फळं आणि जेवणाचा नैवेद्य. पूजा झाली आणि मी ज्यासाठी आले होते ते सुरू झालं. बाजरीचे उंडे म्हणजे वाफवलेले गोळे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि भज्जी. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. मिळतील ते सगळे ओले दाणे आणि पालेभाज्या चिंचेच्या कोळात शिजवून केलेली घट्ट भाजी. ती खाताना मी कुणाशी बोलले नाही.

आणि आंबील! ताकातली ज्वारीची, आंबट, लसणाची. मी पेल्यामागून पेले रिचवले आणि म्हटलं, "सोनाबाई, अमृत आहे."

त्या चक्क रागावल्या. "ही कुटं आंबील हाय? जारच्या पाण्याची हाय. हिला ना चव ना ढव. हिरीची पिली आस्ती तर कळलं आस्तं."

एवढ्यात टिपर आला.

बायका सटासट उठल्या. शैलाने घोषणांचा कागद काढला. मीही पदर खोचला, हातात उंडा होता तो तसाच. टिपर कोपीपुढे थांबला, ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. चाळिशीतला, डोळे तांबारलेले, इतकी माणसं पाहून गांगरलेला. सगळ्यांत पुढे सोनाबाई. त्यांनी कमरेवर हात ठेवले, दम घेतला आणि ओरडल्या, "जेवलाव का?"

"आई!" शैला किंचाळली. "घोषणा!"

पण तोंडातून निघून गेलं होतं. येळवशीला वाटेने जाणाऱ्याला न जेवता जाऊ द्यायचं नसतं, आणि आयुष्यभराची सवय भांडणाच्या पुढे धावली. सगळे खो-खो हसत सुटले. ड्रायव्हर खाली उतरला. नाव व्यंकट, गाव मुखेडकडचं. "सकाळपून रानारानातनं भज्जीचा वास घेत आलोय," तो म्हणाला. "घरला समदे रानात असतील. मालकानं सुट्टी दिली न्हाई. म्हनला, आज गाव रिकामं ऱ्हातंय."

"गाव रिकामं हाय की," सोनाबाई त्याच्या पत्रावळीवर भज्जी वाढत म्हणाल्या. "समदं हितं हाय."

परगावच्या ठेकेदाराला रिकामं गाव ठाऊक होतं, गाव जातं कुठे ते ठाऊक नव्हतं.

व्यंकट पोटभर जेवला, हात धुतले आणि मान खाली घालून म्हणाला, "मावशी, गाडी खाली करावी लागतीय. माजं पोट हाय तिच्यावर."

हसणं थांबलं. मला वाटलं, आता संपलं. सोनाबाई मात्र उठल्या. त्यांनी बिंदगी उचलली, कडुनिंबाची डहाळी तिच्यात बुडवली आणि खदानीच्या काठाने आंबील शिंपडत चालू लागल्या. येळवशीला आपापल्या पिकाभोवती अशी चर शिंपायची रीत आहे, लक्ष्मी रानात राहावी म्हणून. मागून बायका अर्धी कानडी आरोळी देत निघाल्या. मला तिचा अर्थ कळत नव्हता, तरी मी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. फेरी पूर्ण झाली ती टिपरच्या पुढच्या चाकाशी.

"ह्ये काय करून राहिलाव मावशी?" व्यंकटचा आवाज उतरला होता.

"रान शिंपलं. आता घाल चाक."

तो ओल्या रेघेकडे बघत राहिला. मग त्याने फोन लावला.

"मालक, न्हाई व्हायचं. न्हाई, कुनी मारलं न्हाई, जेवू घातलं. मालक, चर शिंपलीय. शिंपल्याल्या रानात चाक घालू का म्या? तुमास्नी न्हाई कळायचं ते. दुसरा डायवर बगा." थोडं थांबून म्हणाला, "त्योबी हिकडचाच आसंल, त्योबी न्हाई घालायचा."

टिपर मागे घेताना अख्खं गाव "येऊ द्या, येऊ द्या" करत होतं. मीही हात हलवत मागे मागे गेले आणि थेट खिरीच्या पातेल्यात बसले. त्या दिवशी खदानीवर माझ्याइतकं कुणी हसवलं नसेल.

परतताना सोनाबाईंनी बाटलीभर आंबील दिली. गाडीत तिचं बूच फटकन उडालं आणि समोरचे गृहस्थ न्हाऊन निघाले. त्यांनी ओठ चाटले आणि विचारलं, "लातूरची का?" मी खिडकीतून अंधारत चाललेली रानं पाहत होते. माझ्या दारी पाऊस एवढा पडतो की पाण्याला मी कधी नमस्कार केला नाही. या बायकांनी एका मडक्यातल्या घोटांनी विहीर राखली होती. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि थोडा हेवाही.

ती रेघ कुणीच ओलांडली नाही. पावसाळ्यापूर्वी तहसीलने राख उचलायला लावली, गावाने विहिरीचा गाळ काढला. यंदा पाण्याचा तपासणी अहवाल चांगला आला, हे सांगायला शैलाचा फोन आला. दोन वाक्यं होईतो सोनाबाईंनी तो हिसकावून घेतला.

"बाई, निघा. येळवस आलीय. व्यंकटबी येणार हाय, लेकरंबाळं घिऊन. आन् गेल्या साली काय प्यालाव ते इसरा. आवंदा आंबील हिरीची हाय."