कुल्फीला लावलेलं खोबरेल

कुल्फीला मी मारलं.

कुल्फी म्हणजे इथे आखातात, खलिफा सिटीजवळच्या आमच्या फार्मवरची अल्पाका. उंटाची लांबची चुलत बहीण, अंगभर पांढरी लोकर आणि नखरे तर विचारूच नका.

मी तिथे शाळांच्या ट्रिप्सचं बुकिंग बघते. काम टेबलावरचं. पण नको तिथे नाक खुपसायची हौस ना!

जूनमध्ये तिच्या कानांवर आणि पायांच्या बेचक्यात खपल्या दिसल्या. सारखी खाजवायची.

जनावरांची देखभाल करणारे युनूसभाई रत्नागिरीचे. बघताक्षणी म्हणाले, "ताई, ही खरूज आहे. डॉक्टरला बोलवा. यल्ला, चला लवकर, आजच."

मी अतिशहाणी. "अहो भाई, आमच्या घरी खोबरेलात कापूर घालून लावला की सगळं जातं."

लावलं. रोज. अगदी लाडाने.

खाज खरंच कमी झाली. माझी लेक तर नाचायलाच लागली, "आई, शी स्टॉप्ड स्क्रॅचिंग!"

आणि मी डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. हसत हसत.

कापराने नुसती खाज दबली होती. किडे आत तसेच होते. त्यात तेलकट लोकर, तिला चिकटलेली वाळू आणि वर हा उन्हाळा.

तीन आठवड्यांनी लोकर बाजूला केली. खाली कातडी जाड झालेली, भेगा, पू. वासाने मी मागे सरले. कुल्फी हललीसुद्धा नाही.

मग डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. पण तिने खाणंच सोडलं होतं.

"मॅडम, पहले बुलाना था." एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी ती गेली. युनूसभाईंच्या मांडीवर डोकं होतं. मी वेड्यासारखी कूलर तिच्याकडे वळवत बसले होते.

मग डॉक्टरांनी तिच्या जोडीदाराला, पिस्त्याला, तपासलं. कानामागे खपल्या.

"इसको भी तेल लगाया?"

"हां... प्रिकॉशन के लिए."

"ब्रश अलग था?"



ब्रश एकच होता. कुल्फीचं झालं की तोच पिस्त्याला फिरवायचे मी.

'ताई, तुझी चूक नाही' असं कृपा करून कुणी लिहू नका.

कुल्फी, माफी मागायला तोंड नाही गं मला. श्रद्धांजली तरी कुठल्या हाताने वाहू?

जा बाई. आता खाजणार नाही.