काटा उजवीकडेच गेला होता

लॉकडाऊनमध्ये पॅरामॅटाजवळच्या नव्या डायलिसिस केंद्राच्या वीजखोलीत जोडणी तपासायला मी एकटा होतो. आत एकाच माणसाला परवानगी. माझा मॅनेजर केलीव्हिलला घरी बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. युनिव्हर्सिटीत असताना आम्ही दोघे मराठी पोरं एका खोलीत राहिलो, एका कुकरमधला भात खाल्ला. म्हणून तर संताप जास्त.

सीटी म्हणजे मोठा करंट मोजता येईल इतका लहान करून देणारं कडं. ते उलटं जोडलं, तर लोड वाढताच रिले, म्हणजे संरक्षण करणारं यंत्र, बिघाड समजून अख्ख्या केंद्राची वीज तोडतो. तपासायची रीत जुनी: एकाने सीटीला सेल टेकवून ‘लावला’ म्हणून ओरडायचं, दुसऱ्याने मीटरचा काटा पाहायचा. लावताना काटा उजवीकडे उसळला की जोडणी बरोबर. सेल काढताना तो उलटा उसळतोच, ते धरायचं नाही.

दुसरा माणूस नव्हता, म्हणून साहेब व्हिडिओ कॉलवर काटा पाहणार होते. मी फोन मीटरसमोर ठेवला, बाहेर जाऊन सीटीला सेल लावला, काढला. आत आलो तर म्हणे काटा डावीकडे गेला, वायरी उलट कर. मी सांगितलं, इथे नेटवर्कची बोंब आहे, चित्र अडकलं असेल, तुला फक्त काढतानाचा झटका दिसला, परत बघ. त्याला दुसरी मीटिंग होती.

“मला दिसलं ना, स्वॅप कर यार,” म्हणाला आणि कॉल कापला.

माझं डोकंच फिरलं. सोमवारपासून तिथे माणसं मशीनला जोडलेली असणार होती आणि याला मीटिंगची पडली होती. मी वायरींना हात लावला नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून पुन्हा सेल लावला. माझी आरोळी आणि काट्याची उसळी एकदमच, स्वच्छ उजवीकडे. व्हिडिओ त्याला पाठवला. उत्तरादाखल नुसता अंगठ्याचा इमोजी आला.

केंद्र सुरळीत सुरू झालं. पुढच्या टीम कॉलवर हा आयत्या बिळावरचा नागोबा सगळ्यांना सांगू लागला, की आपण घरबसल्या पोलॅरिटी, म्हणजे जोडणीची दिशा, कशी तपासली. टाळ्यांचे इमोजी उडाले. मी माइक चालू केला. इतका भडकलो होतो की इंग्रजी सुचेचना.

“तुझं ऐकलं असतं, तर लोक मशीनवर असताना लाईट गेली असती,” मी मराठीतच म्हणालो.

मराठी न कळणाऱ्या बाकीच्यांना वाटलं मी अभिनंदन केलं. आणखी टाळ्या आल्या. त्याला प्रत्येक शब्द कळला होता.

“थँक्स, मेट,” तो हसून इंग्रजीत म्हणाला.